पंचनाम्याविना उचललेल्या अस्थी: व्हॅटिकनच्या वेदीखालचं एक प्रकरण

प्रकरण काय आहे

रोममधल्या सेंट पीटर बॅसिलिकेच्या मुख्य वेदीखाली १९३९ ते १९६८ या काळात जे घडलं, त्याचा हा अभ्यास आहे. येशूच्या बारा शिष्यांतला पहिला, म्हणजे मराठी बायबलमधला पेत्र, याचं थडगं बरोबर या वेदीखाली आहे अशी ख्रिस्ती परंपरा सांगते. परंपरेत काही तथ्य आहे का हे पाहायला माणसं जमिनीखाली उतरली. त्यांना कुणी कल्पना केली नव्हती एवढं सापडलं. पण ज्याची सगळ्यांना सर्वांत जास्त ओढ होती, ती एक गोष्ट मात्र एका संध्याकाळी नोंदीविना जागेवरून उचलली गेली. ती कुणाची, हा वाद आजही मिटलेला नाही.

पुरातत्त्वात वस्तूपेक्षा वस्तूची जागा मोलाची असते, हे वाक्य विद्यार्थी पहिल्या वर्षी पाठ करतो. त्याचा अर्थ हे प्रकरण वाचल्यावर कळतो, म्हणून मी ते निवडलं. ज्यांची नावं इतिहासात नोंदलेली आहेत अशा अधिकाऱ्यांची आणि अभ्यासकांची नावं दिली आहेत. कामगारांचा उल्लेख त्यांच्या कामावरून केला आहे.

पार्श्वभूमी

१० फेब्रुवारी १९३९ रोजी पोप अकरावे पायस वारले. बॅसिलिकेच्या फरशीखाली बुटक्या कमानींचं एक तळघर आहे. तिथे आधीच्या पोपांजवळ आपलं दफन व्हावं अशी त्यांची इच्छा होती. जागा करण्यासाठी कामगार खणू लागले. नवे पोप बारावे पायस यांनी या निमित्ताने तळघराची सगळीच जमीन खाली नेण्याचं ठरवलं. आधी लागली चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने बांधलेल्या पहिल्या बॅसिलिकेची फरशी, मग दगडी शवपेट्या आणि त्याही खाली एका विटांच्या खोलीच्या भिंती. तिचं छप्पर काढून टाकलेलं होतं आणि आत वरपर्यंत माती ठासलेली होती.

ही एकटीदुकटी खोली नव्हती. पुढच्या काही वर्षांत अशा बावीस समाधीगृहांची एक गल्लीच बाहेर आली. व्हॅटिकन टेकडीच्या उतारावर दुसऱ्या शतकापासून चौथ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत वापरात असलेली ती रोमन दफनभूमी होती. मालक बहुतेक गुलामीतून मुक्त होऊन पैसा कमावलेल्या कुटुंबांतले. भिंतींवर मोर, फुलं, देवदेवता. पोपिलियस हेराक्ला नावाच्या माणसाच्या समाधीच्या दारावर त्याच्या मृत्युपत्रातला मजकूर कोरलेला आहे: वारसांनी सहा हजार सेस्टर्स (रोमन नाणी) खर्चून आपली समाधी 'व्हॅटिकनमध्ये, सर्कशीजवळ' बांधावी. सर्कस म्हणजे रथशर्यतीचं मैदान. इसवी सन ६४च्या आगीनंतर नीरोने ख्रिस्ती लोकांना आपल्या बागांत आणि सर्कशीत मारलं, असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो, आणि पेत्राचा मृत्यूही परंपरा तिथेच ठेवते. बॅसिलिकेसमोरच्या चौकात आज उभा असलेला इजिप्शियन स्तंभ त्याच मैदानातला. तो १५८६ साली आताच्या जागी आणला गेला. एका मयताच्या वारसांना दिलेल्या सूचनेने त्या मैदानाची जागा पक्की व्हावी, हे मला या उत्खननातलं फार सुंदर यश वाटतं.

आणखी एका लहान समाधीच्या छतावर वेलींच्या जाळीत, सोनेरी पार्श्वभूमीवर, रथात उभा असलेला तेजोवलय असलेला पुरुष मोझेइकमध्ये जडवला आहे. रूप सूर्यदेवाचं, पण जवळच्या चित्रांत माशाच्या तोंडात जाणारा बायबलमधला योना आहे आणि गळ टाकणारा कोळीही. म्हणून अभ्यासक त्याला ख्रिस्त मानतात. जुन्या देवांच्या वस्तीत ख्रिस्ती माणसं हळूहळू शेजारी म्हणून येत होती, हे त्या छतावर दिसतं.

आता कॉन्स्टंटाइनने काय केलं ते पाहा. त्याच्या स्थापत्यकारांना शेजारी सपाट जागा होती. तरी त्यांनी टेकडीची एक बाजू कापली, दुसऱ्या बाजूला भराव घातला, वापरात असलेल्या समाध्यांची छपरं उतरवली आणि त्या मातीने भरून टाकल्या. रोमन कायद्यात थडग्याला हात लावणं गंभीर गुन्हा होता. एका कलशात ३१७ ते ३२० या काळातलं नाणं मिळालं, म्हणजे तोपर्यंत इथे लोक आपल्या माणसांना आणत होते. एवढा खटाटोप आणि एवढी नाराजी पत्करून बांधकाम बरोबर याच बिंदूवर आणायचं कारण काय, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

पेच

हे सगळं मुख्य वेदीच्या पूर्वेला सापडलं. प्रश्न होता वेदीच्या थेट खाली जायचं की नाही.

आधीचा अनुभव बरा नव्हता. १६२६ साली शिल्पकार बेर्निनीच्या, मुख्य वेदीवरच्या प्रचंड कांस्यमंडपाचा पाया घेताना असंच खोदकाम झालं होतं. तेव्हा एका रोमन गृहस्थाचा पहुडलेला पुतळा मिळाला, आणि त्याखालच्या लेखात खा, प्या, प्रेम करा, मेल्यावर सगळं माती, अशा आशयाच्या ओळी होत्या. पोपच्या देवळाखाली हे निघालं म्हणून लेख नष्ट करण्यात आला. पुतळा तेवढा वाचला. तो आज अमेरिकेत इंडियानापोलिसच्या संग्रहालयात आहे. अडचणीचं निघालं तर झाकायचं, ही रीत तिथे मुरलेली होती.

शिवाय धोका दोन्ही बाजूंनी होता. खाली काहीच निघालं नाही, तर पेत्राचा वारस म्हणून बसलेल्या पोपपदाची थट्टा होणार. काही निघालं, तर चर्चने स्वतःच खणून स्वतःच शोधलं, असं म्हणत जग विश्वास ठेवणार नाही. बाहेर महायुद्ध पेटलेलं. आणि वर रोज प्रार्थना चालू असलेली, जगातल्या सर्वांत मोठ्या चर्चांपैकी एक इमारत, तिच्या पायाजवळ हात घालायचा होता.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग म्हणजे थांबणं. अकराव्या पायसांची कबर झाली होती, समाधीगृहांची नोंद करून जागा बुजवता आली असती. हा मार्ग कुणाला दोष देता येणार नाही असा होता, आणि त्याने कुठलंही ज्ञान मिळालं नसतं.

दुसरा, बाहेरच्या तज्ज्ञांना बोलावून उघडपणे खणणं. रोममध्येच त्या काळी अनेक देशांच्या पुरातत्त्व संस्था होत्या. पण देश एकमेकांशी लढत असताना जर्मन, इंग्रज आणि फ्रेंच अभ्यासकांना एका चरात उतरवणं कठीण होतं, हे मान्य करायला हवं.

तिसरा, घरातली माणसं घेऊन गुपचूप खणणं आणि निष्कर्ष नंतर जाहीर करणं. बाराव्या पायसांनी हा निवडला.

माझ्या मते चूक तिसरा मार्ग निवडण्यात नव्हती. युद्धाच्या दिवसांत गुप्तता समजण्यासारखी आहे. चूक ही झाली की गुप्ततेचा नियम आत काम करणाऱ्या माणसांनाही एकमेकांपासून लागू झाला. बाहेरचा साक्षीदार नाही म्हटल्यावर आतली नोंद दुप्पट काटेकोर हवी होती, ती उलट ढिली राहिली. रोजच्या कामाची सलग रोजनिशी ठेवली गेली नाही, आणि पुढे आलेल्या टीकाकारांचा पहिला आक्षेप हाच होता.

कोण कोण होतं

उत्खननाचं काम चौघांकडे होतं. ब्रुनो अपोल्लोनी गेत्ती हे स्थापत्यकार. एन्रिको योझी रोमच्या भुयारी दफनभूमींचे जाणकार. अंतोनियो फेर्रुआ आणि एंगेलबर्ट किर्शबाउम हे दोघे जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघाचे पाद्री. फेर्रुआ शिलालेखांचे तज्ज्ञ, किर्शबाउम प्राचीन कलेचे. अंगमेहनत करायला बॅसिलिकेचे वंशपरंपरेने काम करणारे कारागीर, ज्यांना तिथे सांपिएत्रीनी म्हणतात.

या सगळ्यांच्या वर होते मोन्सिन्योर, म्हणजे वरिष्ठ पाद्री, लुडविग कास. बॅसिलिकेच्या इमारतीचा कारभार त्यांच्याकडे. मूळचे जर्मन, १९३३पर्यंत तिथल्या कॅथलिक पक्षाचे अध्यक्ष, शिक्षणाने चर्चच्या कायद्याचे पंडित आणि पोपचे जुने मित्र. पुरातत्त्वाचं शिक्षण नव्हतं. पण पवित्र जागेत मानवी अस्थी इकडेतिकडे पडू नयेत, याची त्यांना मनापासून काळजी होती. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झालं ते दुष्टपणातून झालं नाही. कास आणि ते चौघे यांचं पटेनासं झालं. चौघे त्यांना विचारीनासे झाले, आणि कास आपल्या वेळेला, काम थांबल्यावर, मुकादमाला घेऊन खाली उतरू लागले.

कृती: वेदीखाली काय मिळालं

वेदीखाली खणताना एकावर एक बांधलेली रचना दिसत गेली, कांद्याच्या पाकळ्यांसारखी. सोळाव्या शतकाच्या शेवटची वेदी, तिच्या पोटात बाराव्या शतकातली, तिच्या आत सहाव्या-सातव्या शतकातली, आणि सर्वांच्या आत कॉन्स्टंटाइनने बांधलेला संगमरवरी चौथरा. त्याच्याही आत एक साधी, लाल गिलाव्याची भिंत.

या लाल भिंतीत एकावर एक कोनाडे, पुढे दोन छोटे संगमरवरी खांब आणि त्यांवर आडवी दगडी फळी. मराठी वाचकाने तुळशीवृंदावनाशेजारी दिवा ठेवायच्या देवळीची कल्पना केली, तर भाव साधारण कळेल. ही तिच्याहून बरीच मोठी होती एवढंच. दोनपैकी एक खांब जागेवर उभा सापडला. भिंतीशेजारच्या वाटेखालून पाण्याची मोरी जात होती आणि तिच्या कौलांवर मार्कस ऑरेलियस 'सीझर' असतानाचे, म्हणजे सम्राट होण्याआधीचे शिक्के होते. ते इसवी सन १६१ पूर्वीचे ठरतात. भिंत, वाट आणि देवळी एकाच बांधकामाचा भाग. म्हणजे १६०च्या आसपास, पेत्राच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांत, रोमच्या ख्रिस्ती मंडळीने या नेमक्या जागेवर खूण उभारली होती.

आता याला लिखित दुवा जोडा. सन २००च्या सुमारास गायस नावाच्या रोमन ख्रिस्ती माणसाने एका विरोधकाशी वाद घालताना लिहिलं, की व्हॅटिकनवर किंवा ओस्तियाच्या रस्त्यावर या, मी तुम्हाला प्रेषितांची, म्हणजे पेत्र आणि पौल यांची 'त्रोपाइआ', म्हणजे विजयस्मारकं, दाखवतो. चर्चचा इतिहासकार युसेबियस याने चौथ्या शतकात हा उतारा जपून ठेवला, म्हणून तो आपल्यापर्यंत आला. गायस ज्याकडे बोट दाखवत होता ते स्मारक साडेसतराशे वर्षांनी मातीखालून निघालं. शिक्के, थर आणि ग्रंथ एकमेकांना न विचारता एकच साक्ष देतात, अशी ठिकाणं प्राचीन ख्रिस्ती इतिहासात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

देवळीसमोर सुमारे सात मीटर लांब आणि चार मीटर रुंद मोकळी जागा होती. तिथे गरिबांच्या मातीच्या कबरी दाटीवाटीने, पण एका मधल्या जागेला धक्का न लावता घेतलेल्या. मधल्या जागेवर मात्र काही उरलं नव्हतं. थडगं असावं अशी पोकळी, आणि ती रिकामी.

पहिला निर्णायक क्षण: भिंतीतला खळगा

देवळीच्या उत्तरेला आधारासाठी नंतर, तिसऱ्या शतकात, एक भिंत जोडली होती. तिच्या गिलाव्यावर यात्रेकरूंनी टोकदार वस्तूने नावं, प्रार्थना, ख्रिस्ताची चिन्हं खरडली होती, एकावर एक, इतकी की वाचता वाचता डोळे दुखावेत. या भिंतीच्या आत संगमरवराने मढवलेला एक छोटा खळगा होता.

१९५१च्या अधिकृत अहवालात या खळग्याची नोंद आहे: आत थोडी माती, अस्थींचे कण, शिशाची पट्टी, चांदीचे दोन धागे आणि फ्रान्समधल्या लिमोजच्या सरदारांचं एक मध्ययुगीन नाणं. थोडक्यात, जवळजवळ रिकामा.

मुकादमाची आठवण वेगळी होती, आणि ती आपल्याला बऱ्याच वर्षांनी शिलालेखतज्ज्ञ मार्गेरिता ग्वार्दुच्ची यांच्यामार्फत कळली. त्याच्या सांगण्याप्रमाणे उत्खननाच्या सुरुवातीच्या काळात, एका संध्याकाळी, कास त्याच्यासोबत फेरीवर होते. खळग्यात अस्थी दिसल्या. कास यांनी त्या काढायला लावल्या, लाकडी पेटीत घातल्या, चिठ्ठी टाकली आणि पेटी तळघरातल्या एका कोठीत ठेवली. चौघा उत्खननकर्त्यांना सांगितलं नाही. ते नंतर खळग्यापाशी आले तेव्हा त्यांना उरलेलं तेवढं दिसलं, आणि त्यांनी प्रामाणिकपणे तेच लिहिलं.

इथे क्षणभर थांबू या. कास यांच्या दृष्टीने त्यांनी कुणा अज्ञात ख्रिस्ती माणसाच्या अस्थींना आदराने निवारा दिला. चित्र काढलं नाही, छायाचित्र घेतलं नाही, किती खोलीवर काय होतं ते मोजलं नाही, दुसऱ्या साक्षीदाराची सही घेतली नाही. साधा पंचनामा झाला नाही. १९५२ साली कास वारले.

त्याच भिंतीजवळ दुसरीही चूक झाली, ती मात्र शिकलेल्या माणसाकडून. लाल गिलाव्याचा एक बोटभर तुकडा मिळाला, त्यावर ग्रीकमध्ये पेत्राच्या नावाची सुरुवात आणि खाली तीन अक्षरं. उत्खनन करणाऱ्यांपैकी एकाने तो अभ्यासासाठी आपल्या निवासस्थानी नेला. पुढे वरून आज्ञा झाल्यावर परत आणावा लागला. तुकडा उजवीकडे तुटलेला आहे. ग्वार्दुच्ची 'पेत्र इथे आत आहे' असं वाचतात, तर दुसरे अभ्यासक 'पेत्र, शांतीत' असं पूर्ण करतात. दोन अक्षरं जास्त उरली असती तर वाद झालाच नसता.

दुसरा निर्णायक क्षण: देवळीखालच्या अस्थी

लाल भिंतीच्या पायाखाली, कोनाड्याच्या तळाशीही अस्थी मिळाल्या होत्या. त्या थेट पोपच्या निवासात नेल्या गेल्या. पोपच्या वैद्यांनी पाहून सांगितलं, एका धिप्पाड, वयस्क पुरुषाच्या आहेत. सगळ्यांना जे ऐकायचं होतं तेच उत्तर आलं, आणि अस्थितज्ज्ञाकडे जायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. १९५६पासून मानवशास्त्रज्ञ वेनेरान्दो कोर्रेंती यांनी त्या सावकाश तपासल्या. किमान तीन माणसं निघाली, त्यांत एक म्हातारी स्त्री. सोबत मेंढी, बैल, डुक्कर, कोंबडा, घोडा यांचीही हाडं.

पण २३ डिसेंबर १९५० रोजी, कॅथलिक चर्चच्या पवित्र वर्षाच्या, म्हणजे यात्रेच्या खास वर्षाच्या, समारोपाला, बाराव्या पायसांनी रेडिओवरून जे सांगितलं ते मोजूनमापून होतं. थडग्याची जागा सापडली आहे. जवळ मिळालेल्या मानवी अवशेषांबद्दल ते प्रेषिताचे आहेत असं खात्रीने सिद्ध करता येत नाही. वर्तमानपत्रांत आधीच बातम्या फुटल्या होत्या, जगभरचे यात्रेकरू रोममध्ये होते, मोह मोठा होता. तरी त्यांनी पुराव्यापुढे पाऊल टाकलं नाही. या सबंध प्रकरणात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या निर्णयाबद्दल.

तिसरा निर्णायक क्षण: पेटी परत उघडते

ग्वार्दुच्ची या रोम विद्यापीठात ग्रीक शिलालेखशास्त्राच्या प्राध्यापक. क्रीट बेटावरच्या लेखांचं त्यांनी केलेलं संपादन आजही वापरात आहे. १९५२नंतर त्या खरडलेल्या भिंतीचं वाचन करायला व्हॅटिकनखाली आल्या. खळग्यात दुसरं काही होतं का, हे त्यांनी मुकादमाला विचारलं. त्याने कोठीतली पेटी दाखवली. तेव्हा त्यांचं लक्ष अक्षरांवर होतं. पेटीकडे त्या गंभीरपणे वळल्या त्या कित्येक वर्षांनी, देवळीखालच्या अस्थींचा निकाल निराशाजनक लागल्यावर.

कोर्रेंतींनी पेटीतल्या अस्थी तपासल्या. एकच पुरुष, दणकट बांध्याचा, साठ ते सत्तर वर्षांचा. अस्थींना माती चिकटलेली होती, म्हणजे कधीकाळी त्या जमिनीत होत्या. काहींवर जांभळ्या रंगाचे डाग, आणि सोबत सोन्याची तार विणलेल्या कापडाचे अवशेष. ग्वार्दुच्चींनी मांडणी केली ती अशी: कॉन्स्टंटाइनच्या वेळी मूळ कबरीतून अस्थी काढल्या, जांभळ्या, सोनेरी राजवस्त्रात गुंडाळल्या आणि भिंतीतल्या खळग्यात ठेवल्या. देवळीखालची जागा रिकामी सापडते, कारण तिथलं सगळं आधीच हलवलेलं होतं.

मांडणी देखणी आहे, आणि अशक्यही नाही. पण तिच्या पहिल्याच पायरीवर मुकादमाची आठवण उभी आहे. पेटीतल्या अस्थी खरंच त्याच खळग्यातल्या का? फेर्रुआ म्हणाले, आम्ही खळगा पाहिला तेव्हा तो असा नव्हता. खळगा कधीच उघडला गेला नव्हता असं मानलं, तर लिमोजचं मध्ययुगीन नाणं आत कसं? फटीतून नाणं घसरू शकतं, हे बचावाचं उत्तर. मग फटीतून आणखी काय काय गेलं, हा पुढचा प्रश्न. भिंतीवरच्या खरडींत ग्वार्दुच्ची पेत्राच्या नावाची गूढ संक्षेपचिन्हं वाचतात, आणि अनेक लेखतज्ज्ञ ती मान्य करत नाहीत. वाद दोन विद्वानांच्या भांडणात उतरला. फेर्रुआ २००३ साली १०२व्या वर्षी वारले, तोवर त्यांचं मत बदललं नाही.

निष्पत्ती

२६ जून १९६८ रोजी पोप सहावे पॉल यांनी जाहीर केलं, की संत पेत्राच्या अस्थींची ओळख आपल्याला पटेल अशा रीतीने झाली आहे. शोध आणि चर्चा इथे संपत नाहीत, हेही त्यांनी जोडलं. दुसऱ्या दिवशी अस्थी एकोणीस पारदर्शक प्लेक्सिग्लासच्या पेट्यांत घालून त्याच भिंतीतल्या खळग्यात ठेवण्यात आल्या. नऊ तुकडे पोपच्या खासगी प्रार्थनागृहात राहिले. २४ नोव्हेंबर २०१३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ते पहिल्यांदा लोकांसमोर आणले, आणि २०१९च्या जूनमध्ये इस्तंबूलच्या ऑर्थोडॉक्स प्रमुखांना, बार्थोलोम्यू यांना, भेट दिले. दुरावलेल्या दोन चर्चमधलं ते मोठं सौहार्द होतं. इतिहासाच्या प्रश्नाला मात्र त्यातून काही मिळालं नाही.

निकाल दोन भागांत वेगळा ठेवावा असं माझं मत आहे. १६०च्या सुमाराची देवळी आणि तिच्याभोवतीची दफनभूमी हा भक्कम पुरावा आहे: दुसऱ्या शतकातले रोमन ख्रिस्ती पेत्राची आठवण याच जागी करत होते. पेत्र तिथेच पुरला गेला का, हे त्याच्या पुढचं पाऊल, शक्यतेचं. आणि पेटीतल्या अस्थी त्याच्याच का, याचं उत्तर पुराव्यातून देता येत नाही. श्रद्धेने दिलं तर त्याला माझा विरोध नाही. दुःख याचं आहे की अस्थींच्या गलबल्यात देवळीकडे लोकांचं लक्ष गेलंच नाही. रोमला जाऊन आलेल्या ओळखीच्या माणसांना विचारा. हाडांबद्दल ते ऐकून असतात, मोरीच्या कौलांवरचे शिक्के त्यांना कुणी सांगितलेले नसतात.

वेगळं काय करता आलं असतं

अस्थींचं वय ठरवण्याची कार्बन-१४ची पद्धत १९४९ सालची, त्यामुळे चाळीसच्या दशकात ती नव्हती हे खरं. पण जे हवं होतं त्याला प्रयोगशाळा लागत नव्हती. खळगा उघडण्याआधी मोजपट्टी ठेवून छायाचित्र. मातीसकट अस्थी उचलून तिथल्या तिथे क्रमांक. पेटीवर दोघांच्या सह्या आणि सील. चौघांपैकी एकाची हजेरी. रोमच्या भुयारांतून काम केलेल्या योझींना यातलं काहीच नवं नव्हतं.

मानवशास्त्रज्ञ पहिल्या दिवसापासून हवा होता. अस्थी सापडण्याची शक्यता नव्हे, खात्री होती. दफनभूमीच खणत होते. तो असता तर वैद्यांच्या घाईच्या निदानावर वर्षानुवर्षं विसंबावं लागलं नसतं. आणि मृतांच्या सन्मानाची कास यांची काळजीही योग्य माणसाच्या हाती गेली असती. सन्मान आणि नोंद यांत एकाची निवड करावी लागते हा समज त्या तळघरातल्या भांडणातून तयार झाला. अस्थी कुठे होत्या हे लिहून ठेवणं हा त्या माणसाचा सन्मानच होता.

अधिकाराची रचनाही सुधारता आली असती. खणणारे एका बाजूला, चाव्या दुसऱ्या बाजूला, आणि दोघांना जोडणारा माणूस फक्त पोप, अशी व्यवस्था होती. चौघांनी कास यांना टाळलं हीसुद्धा चूकच. संध्याकाळी खाली कोण जातं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांनी ते विचारायची तोंडओळखही ठेवली नव्हती. रोज सकाळी पंधरा मिनिटं एकत्र बसून कालचं काम वाचायचं, एवढा एक नियम असता तर पेटीची गोष्ट दुसऱ्याच दिवशी बाहेर आली असती.

राहिला मुकादम. खळगा कुणी उघडला, आत काय होतं, ते कशात भरलं, हे पाहिलेला तोच जिवंत साक्षीदार कास यांच्यानंतर उरला होता. पंधरा-वीस वर्षांनी त्याच्या शब्दावर जगातल्या एका मोठ्या प्रश्नाचं ओझं आलं, आणि विद्वान त्याच्या स्मरणशक्तीवर शंका घेऊ लागले. अहवाल लिहिला जात असताना तो त्याच इमारतीत रोज कामावर येत होता. त्याचा जबाब तेव्हा कुणी घेतला नाही.